विश्लेषण : नूतनीकरण केलेला जुना फ्लॅट घेताय? आधी पीओपीच्या वर काय आहे ते पाहा!

नवी फरशी, मॉड्युलर किचन, छताला पीओपी आणि झगमगते दिवे. मुंबई, ठाणे, पुण्यात पुनर्विक्रीचा फ्लॅट पाहायला गेलेला ग्राहक एवढ्यावरच हरखतो. पण घर नवे दिसले तरी इमारतीचे वय बदलत नाही.

धोका कुठे असतो?
25 जुलै 2017 रोजी घाटकोपरमधील ‘सिद्धी साई’ इमारत कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लागल्याचा आरोप तेव्हा झाला होता. त्यामुळे हॉल मोठा करताना नेमके काय तोडले, हा पहिला प्रश्न. आरसीसी इमारतीचा भार खांब आणि तुळया पेलतात. जुन्या लोड-बेअरिंग इमारतींत मात्र भिंतीच भार पेलतात.

घरात काय पाहावे?
जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली असेल, तर स्लॅबवरचा भार वाढतो. पीओपीमागे गंजलेल्या सळ्या आणि सुटलेले काँक्रीट लपू शकते. दिव्यासाठीच्या खाचेतून किंवा पॅनेल उघडून मूळ स्लॅब पाहू द्या, असा आग्रह धरा. खांबावर उभी भेग आणि गंजाचे डाग दिसले, तर आतली सळी फुगत असल्याची शंका घ्यावी. बाथरूमची जागा बदलली असेल, तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचे दार वाजवा. गळती कुठे आहे, हे त्याच्या छतावर दिसते. शक्य असल्यास घर पावसाळ्यात पाहा. वायरिंग आणि पाण्याचे पाइप बदलले, की फक्त स्विच आणि नळ, हेही विचारा.

कोणती कागदपत्रे मागावीत?
सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी व्हायला हवे. ताजा अहवाल सोसायटीकडे मागा. ‘सी-1’ म्हणजे इमारत अतिधोकादायक. ‘सी-2’ असेल, तर मोठ्या दुरुस्तीचा खर्च सभासद म्हणून तुमच्याही वाट्याला येईल. शिवाय मंजूर नकाशा प्रत्यक्ष घराशी ताडून पाहा. बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर परवानगी दाखवायला सांगा.

नंतर दोष निघाल्यास?
‘रेरा’नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तीस वर्षांच्या इमारतीत ही मुदत केव्हाच उलटलेली असते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे इमारत सुरक्षित, हाही गैरसमजच. बँक मुख्यतः तारण म्हणून घराची किंमत आणि कागदपत्रे पाहते.

मग काय करावे?
बयाणा देण्यापूर्वी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअरला घर दाखवा. दुरुस्तीचा अंदाजित खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करा. विक्रेता तपासणीलाच नकार देत असेल, तर दुसरे घर पाहिलेले बरे.