डिकीतला स्पॉयलर

आमच्या धंद्यात एक वाक्य फार लाडकं आहे : "स्पेकप्रमाणेच आहे." टेस्टर बिचारा बग टाकतो, आपण डॉक्युमेंट उघडून बोट ठेवतो आणि बग बंद करतो. मी हे किती वेळा केलंय त्याची मोजदाद नाही. गेल्या शनिवारी मात्र हेच वाक्य माझ्या जन्माआधीपासून माहीत असलेल्या काही लोकांची गोष्ट पुन्हा बघत बसलो होतो, आणि पहिल्यांदाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

गोष्ट १९९४ सालच्या ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपची. यूट्यूबवर त्या मोसमातल्या शर्यती सापडतात, मरे वॉकरच्या त्या किंचाळणाऱ्या कॉमेंट्रीसकट. दुपारी बसलो तो दिवेलागणीलाच उठलो. (बायकोचा प्रश्न : "या गाड्या गोल फिरून परत तिथेच येतात ना?" असो.)

ज्यांना टूरिंग कार हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉर्म्युला वनसारख्या बाणासारख्या गाड्या इथे नसतात. शोरूममध्ये मिळते तशी चार दारांची साधी सेडान आतून पूर्ण पोखरायची, रेसिंगची बनवायची आणि मग दाराला दार घासत पळवायची. १९९४ मध्ये तर अल्फा रोमिओ, बीएमडब्ल्यू, फोर्ड, व्हॉक्सहॉल, रेनॉ, प्यूजो, निस्सान, टोयोटा, माझदा आणि व्होल्व्हो अशी अख्खी जत्रा जमली होती. त्यात व्होल्व्होने चक्क स्टेशन वॅगन उतरवली होती! शर्यतीआधीच्या फेरीत एकदा तिच्या मागच्या भागात कापडी कुत्रा बसवला होता, कारण 'तुमची गाडी म्हणजे कुत्री फिरवायची गाडी' अशी टिंगल चालायची. मला ती वॅगन अजूनही त्या मोसमातली सगळ्यात देखणी गाडी वाटते. जिंकण्याच्या जवळपासही नव्हती, तो भाग वेगळा.

इंजिन दोन लिटरचं, टर्बो नाही, ८५०० आरपीएमची मर्यादा. आणि खरी मेख पुढे आहे : बाहेरचा आकार मूळ गाडीसारखाच हवा, आणि ती मूळ गाडी निदान २५०० तरी बनलेली हवी. यालाच होमोलोगेशन म्हणतात. (पुण्यातल्या मंडळींना हा शब्द नवीन नाही. एआरएआयच्या टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांपैकी निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या गाडीच्या होमोलोगेशनमागे धावत असतात.) हेतू सरळ होता : रेससाठी खास पंख लावलेलं काहीतरी आणू नका, लोक विकत घेतात ती गाडी आणा.

अल्फाच्या इंजिनिअरांनी हा नियम आपण स्पेक वाचतो तसा वाचला. त्यांनी १५५ या सेडानची एक खास आवृत्ती काढली आणि तिला नावसुद्धा दिलं 'सिल्व्हरस्टोन'. गाडी रस्त्यावरचीच, इंजिनही साधंच. फक्त पुढचा स्पॉयलर दोन जागी बसवता येईल असा, आणि मागचा पंख उंच करायचे जादा तुकडे डिकीत ठेवून दिलेले. मालकाला वाटलं तर त्याने बसवावेत! २५०० गाड्या बनल्या, कागद पुरे झाले. आता रेसच्या गाडीवर तोच पंख पूर्ण वर आणि स्पॉयलर पूर्ण पुढे. विचारलं तर उत्तर तयार : स्पेकप्रमाणेच आहे.

गॅब्रिएले तारक्विनीने पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या. पाचही!

मग फोर्ड आणि व्हॉक्सहॉलने तक्रार केली. मे महिन्याच्या शेवटी ओल्टन पार्कला निर्णय आला की अल्फाने पंख आत घेऊनच पळायचं. आधीच्या शर्यतींचे गुणही धोक्यात आले. अल्फाची मंडळी सामान बांधून, शर्यत न करताच निघून गेली. पुढे अपील आणि मग तडजोड : १ जुलैपर्यंत अल्फाने पंख आतल्या स्थितीत ठेवायचे, तोवर बाकीच्यांनी आपापले पंख शोधायचे. मोसमाच्या शेवटी विजेतेपद तारक्विनीलाच मिळालं.

माझं मत विचाराल तर ते त्यालाच मिळायला हवं होतं. गाडी कागदावर मंजूर झाली होती. पाच शर्यती होऊन गेल्यावर नियमाचा अर्थ बदलणं म्हणजे रिलीज झाल्यावर रिक्वायरमेंट बदलणं. ज्याने नियम लिहिला त्याने 'मालकाला बसवता येणारे तुकडे' या शक्यतेचा विचार केला नाही, ही त्याची चूक. आणि तारक्विनी काही पंखावर तरून गेलेला ड्रायव्हर नव्हे. पुढे २००९ मध्ये, ४७व्या वर्षी, तो जागतिक टूरिंग कार विजेता झाला. २०१८ मध्ये, ५६व्या वर्षी, त्याने जागतिक टूरिंग कार कपही जिंकला. तेव्हा त्याच्या डिकीत काही नव्हतं.

पण ते डिकीतले तुकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. नियमावर इतका विश्वास होता तर पंख कारखान्यातच वर करून का नाही विकला? कारण हा रस्त्यावरच्या गाडीचा पंख नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि पुढचं बिल त्यांनी एकट्याने भरलं नाही. १९९५ पासून पंख सगळ्यांनाच रीतसर मिळाले. आता प्रत्येक कंपनीला विंड टनेल हवा, त्यातली माणसं हवीत. बिचारी वॅगन गेली, कारण छतावर पंख लावून तिला काही फायदा नव्हता. व्होल्व्होने सेडान आणली. अल्फाची आघाडीही त्याच वर्षी संपली. खर्च वाढत गेला (पंख हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण दार तिथूनच किलकिलं झालं असं मला वाटतं), कंपन्या एकेक करून निघून गेल्या आणि २००० सालच्या मोसमात फक्त फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल उरले. दहाच्या जत्रेतून तीन दुकानं.

आज ही मालिका चालू आहे, पण २०११ मध्ये आलेल्या नियमांनुसार आता गिअरबॉक्स, ब्रेक, सबफ्रेम असे कितीतरी भाग सगळ्यांना सारखेच घ्यावे लागतात. फट शोधायला जागाच ठेवलेली नाही. शर्यती चुरशीच्या होतात, खोटं कशाला बोलू. पण मी मधेच चहा टाकायला उठतो. १९९४ बघताना नाही उठलो.

आता ओशाळलो कशाने ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या करारात लिहिलं होतं की सर्चचं पान तीन सेकंदांत दिसलं पाहिजे. आमची क्वेरी अकरा सेकंद घ्यायची. मी सुचवलं, तीन सेकंदांत रिकामं पान दाखवू, माहिती मागाहून भरू. 'पान दिसलं पाहिजे' एवढंच तर लिहिलंय! टीमने टाळ्या वाजवल्या, टेस्ट पास झाली, मला त्या तिमाहीत शाबासकीचं सर्टिफिकेटही मिळालं. काउंटरवर बसून ते पान वापरणारी माणसं मात्र अकरा सेकंदच थांबत होती. पुढच्या वर्षी त्याच क्लायंटचा करार वीस पानांवरून नव्वद पानांवर गेला. 'दिसणे' म्हणजे काय याचीच त्यात दीड पान व्याख्या होती. ती नव्वद पानं वाचणारी, भरणारी, रात्री जागणारी मुलं माझ्यानंतर आलेली होती. मी तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलो होतो.

शुक्रवारी नवा स्पेक आलाय. त्यात एका ठिकाणी अशीच मोठी फट आहे, आमचं दोन आठवड्यांचं काम वाचेल एवढी. सोमवारच्या कॉलवर मी सरळ विचारणार आहे की तुम्हाला इथे नेमकं काय हवंय. मॅनेजर नंतर बाजूला घेऊन म्हणेल, "कशाला विचारलंस?" त्याला अल्फाची गोष्ट सांगून काही उपयोग नाही, तो फक्त क्रिकेट बघतो.