बिनकांद्याची भेळ आणि लिनक्स
लिनक्सचे स्वयंचलित इन्स्टॉलेशन म्हणजे इन्स्टॉलर जे प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरे एका फाइलीत आधीच लिहून ठेवणे. गोरेगावातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये 40 संगणक असतील, तर भाषा, टाइमझोन, डिस्क, पासवर्ड हे रामायण चाळीसदा सांगायला नको. रेड हॅट आणि फेडोरात या फाइलीला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड. किकस्टार्टची खरी गंमत पॅकेजेसच्या यादीत आहे. नाव लिहिले की पॅकेज आले. आधी ‘@’ लावले की अख्खा गट आला. वजाचिन्ह दिले की ते वगळले. भेळवाल्याला ‘कांदा नको’ सांगावे, तसेच. शेजारी पवईत आयआयटीचा फॉसी प्रकल्प जिचा प्रसार करतो, ती सांख्यिकीची ‘आर’ भाषा यादीत एका ओळीत बसते. मात्र याच फाइलीतल्या, डिस्कवरची विभाजने पुसणाऱ्या ‘क्लिअरपार्ट’ आज्ञेला सगळे पुसायला सांगितले, तर ती पुन्हा विचारत नाही, म्हणून पहिला प्रयोग आभासी संगणकावरच करावा. फाइल कोऱ्या पानापासून लिहावी लागत नाही. हाताने केलेल्या पहिल्या इन्स्टॉलेशननंतर फेडोराचा अनाकोंडा इन्स्टॉलर तिचा नमुना रूट वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवून जातो. एवढे असूनही चाळीस यंत्रांपुढे बसून ‘नेक्स्ट’ दाबत राहणे हा कष्टाळूपणा नव्हे, निव्वळ आळस आहे.