देवाचा धाक

आमच्या मराठी मुलखांत मूल हट्टास पेटलें कीं त्याला दोन नांवें ऐकविण्याची जुनी चाल आहे; एक बागुलबुवाचें आणि दुसरें देवाचें. “खोटं बोललास तर देव कान कापील,” हें वाक्य हिंदु घरांत जितकें ऐकूं येतें तितकेंच, सखेद म्हणावें लागतें, ख्रिस्ती घरांतहि ऐकूं येतें. मूल चार-पांच वर्षांचें झालें कीं बागुलबुवा आपोआप निवृत्त होतो. देवाला मात्र आपण त्याच्या जागीं कायमचें नेमून टाकतों. या विषयावर आमच्या पालकवर्गापुढें चार शब्द मांडण्याचें धाडस आम्ही करीत आहों. आणि तें करितांना पहिला दोष आम्हांस आमच्याच पदरीं घेतला पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं सहावीच्या वर्गास नीतिपाठ देतांना आम्हीं प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या व सप्पीरा यांची गोष्ट सांगितली. जमीन विकून आलेल्या पैशांतील कांहीं भाग या नवराबायकोनें लपविला, प्रेषितांपाशीं खोटें सांगितलें, आणि दोघेंहि एकामागून एक गतप्राण झालीं. गोष्ट आम्हीं चांगली रंगवून सांगितली. वर्ग चिडीचूप झाला. त्या शांततेचा आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडा अभिमानच वाटला.

पुढें महिन्याभरानें आमच्या ध्यानीं आलें कीं, शेवटच्या बाकावरील एक मुलगा सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं ओठ मिटून उभा राहतो. पूर्वीं तो मोठ्यानें म्हणत असे. त्याला एकीकडे बोलावून कारण विचारलें, तेव्हां बराच वेळ तो कांहीं बोलेना. शेवटीं म्हणाला, “देवाचं लक्ष माझ्याकडे जाऊं नये म्हणून, सर.” हळूहळू सर्व उलगडलें. मंडळींत दानाचें ताट फिरत असतां त्यानें त्यांतून एक नाणें उचललें होतें. त्यानंतर आमची ती गोष्ट झाली, आणि त्यानंतर आठच दिवसांत त्याची आजी वारली. नाणें आपण घेतलें आणि देवानें आजी नेली, असा हिशेब त्या अकरा वर्षांच्या पोरानें मांडला होता, आणि आतां पुढची पाळी आईची कीं आपली, याची तो रात्रंदिवस वाट पाहत होता. तो हिशेब मांडण्यास त्याला गणित शिकविलें कोणीं? आम्हींच.

त्या दिवशीं आम्हांस आमच्या पदवीचा आणि इतक्या वर्षांच्या अध्यापनाचा फार कमीपणा वाटला. आम्हीं त्याला लूकाच्या तेराव्या अध्यायांतील हकीकत सांगितली. यरुशलेमांत एक बुरूज कोसळला आणि त्याखालीं १८ माणसें मेलीं. लोकांच्या मनांत तेंच आलें जें या मुलाच्या मनांत आलें होतें, कीं तीं माणसें इतरांहून अधिक पापी असलीं पाहिजेत. प्रभूनें ही समजूत साफ नाकारली. पश्चात्ताप सर्वांनींच करावयाचा आहे, परंतु कोणाच्या मरणावरून कोणाच्या पापाचें माप काढावयाचें नाहीं. योहानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांधाविषयीं शिष्यांनीं तोच प्रश्न विचारला आणि त्यांसहि तसेंच उत्तर मिळालें. हीं वचनें आम्हीं शेकडों वेळां वाचलीं होतीं. पण कोणापुढें कोणती गोष्ट कोणत्या वेळीं ठेवावी याचा विवेक मात्र वाचून येत नाहीं.

यावर कित्येक पालक म्हणतील कीं परमेश्वराचें भय हा ज्ञानाचा आरंभ आहे असें पवित्र शास्त्रच सांगतें. भय काढून टाकलें तर मुलें मोकाट सुटतील. आक्षेप खरा आहे व तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु भय आणि धाक यांत भेद आहे. ज्याच्याविषयीं आदर आहे त्याचें मन दुखवूं नये म्हणून वाटणारी भीति वेगळी, आणि सांपडलों तर मार बसेल ही भीति वेगळी. पहिली माणसाला जवळ आणते; दुसरी, या मुलाप्रमाणें, देवापासून तोंड लपवावयास लावते. आदामानेंहि बागेंत तेंच केलें, आणि त्याला शोधावयास देवच आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील छडी गेली, तें योग्यच झालें. पण छडी गेली म्हणून तिच्या जागीं आम्हीं देवाला उभें करावें, हा कोठला न्याय?

दुसरेंहि एक आहे. रागीट देव आपल्याला स्वतःकरितां नको असतो. तो शेजाऱ्याकरितां हवा असतो. कोणाचा धंदा बुडाला कीं “देवानं बरी अद्दल घडविली” म्हणणारीं माणसें आमच्या मंडळींतहि आहेत. योना संदेष्टा अशांचा मूळपुरुष. निनवे नगराचा नाश झाला नाहीं म्हणून हा मनुष्य रुसून बसला. आणि तेथील १,२०,००० हून अधिक अजाण जीवांची, इतकेंच नव्हे तर तेथील गुराढोरांची कींव देवाला आली. गुरांचाहि उल्लेख त्या पुस्तकाच्या शेवटीं आहे, हें आमच्या शेतकरी पालकांस आवर्जून सांगावेंसें वाटतें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं आपल्या काव्यांत ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटलें. वारकरी ज्या शब्दानें विठ्ठलाला हांक मारतात तोच हा शब्द. तो उसना आणलेला नव्हे, आमच्या मातीचाच आहे. यशयाच्या ग्रंथांतहि देवानें आपलें प्रेम आईच्या प्रेमाशीं ताडून पाहिलें आहे. टिळकांचा स्वभाव तापट, हें लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रें’त लपविलेलें नाहीं. तरी १८९५ मध्यें स्वतः बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनीं त्याकरितां पत्नीवर बळजोरी केली नाहीं. सुमारें पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई आपल्या विचारानें, आपल्या पायांनीं त्या मार्गावर आल्या. ज्याला देव माउली वाटतो त्याला दुसऱ्याच्या पाठीशीं बडगा घेऊन उभें राहावें लागत नाहीं, असें आम्हांस यावरून वाटतें.

आतां त्या मुलाचें. आमचें सर्व ऐकून घेतल्यावर त्यानें एक प्रश्न केला, आणि तो आमच्या कोणत्याहि बोधापेक्षां अधिक नेमका होता. “मग देव शिक्षा करणार नसेल तर नाणं परत कशाला द्यायचं, सर?” क्षणभर आम्ही निरुत्तर झालों. मग त्याला एवढेंच विचारलें कीं, ताटांतील पैसे कोठें जातात. तें त्याला ठाऊक होतें. मंडळींतील गरीब विधवांच्या निधीस तें दान जात असे, आणि त्याच्या आजीलाहि त्यांतून कांहीं वर्षें मदत मिळाली होती. तो खालीं पाहूं लागला. पुढें आम्ही कांहीं बोललों नाहीं.

त्या रविवारीं तो दुसऱ्या बाकावर येऊन बसला. ताट पुढें आलें तेव्हां त्यानें त्यांत दोन नाणीं टाकलीं. बाहेर पडल्यावर दुसरें कशाचें म्हणून आम्हीं विचारलें. “आजीचं,” म्हणाला, आणि पोरांबरोबर पळाला.