कडीचं लोकार्पण कोण करणार?

फेब्रुवारीत महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की आम्ही नवी मुंबईकर दोनच गोष्टी बघतो. मालमत्ता कर वाढला का, आणि आपल्या नोडला नवीन काय मिळालं. 2025-26चं अंदाजपत्रक 5,700 कोटींच्या घरातलं होतं. एवढ्या श्रीमंत महापालिकेकडे बागांसाठी पैसा नाही, असं कोणी म्हणणार नाही. माझी शंका पुढची आहे. बागांसाठी काढलेला रुपया नेमका कुठल्या बागेत जाऊन पोचतो?

कारण आपल्याकडे बागा दोन प्रकारच्या. एक पाहुण्यांना दाखवायची. नेरुळचं वंडर्स पार्क 2012च्या डिसेंबरात सुरू झालं. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती, टॉय ट्रेन, दारात तिकीट. गावाकडून भाचरं आली की आपण तिथे नेतो, फोटो काढतो, आणि नेणं-आणणं वर्षाकाठी एकदा होतं. दुसरी बाग सेक्टरातली, घरातल्या कपड्यांवर, पायात स्लीपर सरकवून जायची. आजोबांची सकाळ आणि नातवाची संध्याकाळ रोज तिथेच जाते.

आमच्या सेक्टरातल्या बागेत चार झोपाळ्यांची चौकट आहे, झोपाळे दोन. उरलेल्या जागी साखळ्या लोंबतात. त्यातल्या एकीला कोणीतरी नायलॉनची दोरी बांधून फळकुट अडकवलंय. मुलं रांग लावतात आणि मोठ्याने मोजतात, ‘वीस झाले, उतर!’ ओपन जिमच्या सायकलचं एक पेडल गेलंय, म्हणून तिच्यावर बसून एक काका निवांत पेपर वाचतात. फाटकावरची ग्रॅनाइटची पाटी मात्र ठणठणीत. लोकार्पणाची तारीख, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, सगळी नावं जागच्या जागी.

खरी गोम त्या पाटीतच आहे. झोपाळ्याला लागते एक कडी, दोन नटबोल्ट आणि वेल्डिंगवाल्याचा अर्धा तास. पण कडीचं लोकार्पण कोणी करत नाही. पाच-दहा कोटींच्या नूतनीकरणाची निविदा निघते, बातमी होते, फीत कापली जाते. देखभालीचा पैसा ठेकेदारामार्फत गवत कापण्यात आणि झाडलोटीत मुरतो. या दोन्हींच्या मध्ये पडणारी कडी कोणाच्याच खात्यावर नसते. 2020च्या मे महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक होते. त्या काळात तर कडीसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं, हेही लोकांना कळेना.

या शहरात हे व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली आणि 1970मध्ये सिडको स्थापन झाली. त्याच कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला, आजच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, मोकळ्या जागेचा हिशेब करून दाखवला. सात घरांना मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण. अशी तीन अंगणं मिळून त्याहून मोठं एक मैदान. मग त्याहून मोठं, सगळ्या वस्तीचं. आरंभ सगळ्यात छोट्या जागेपासून. पैसे वाटताना आपण नेमकं उलटं करतो. वरून ओतायला सुरुवात करतो आणि खाली पोचेस्तोवर टाकी रिकामी होते.

त्यातही सेक्टरवाल्यांचं रडगाणं तसं सुखवस्तू. सिडकोच्या आराखड्यामुळे त्यांना बागेचा भूखंड तरी मिळाला. दिघ्यातल्या इलठणपाड्याला, यादवनगरला, तुर्भे स्टोअरला आराखडा आखणारे कोणी भेटलेच नाहीत. मूळ गावठाणंही आराखड्याच्या रेघेबाहेर राहिली. भूखंड नाही म्हणून बाग नाही, बाग नाही म्हणून तिच्या नावावर तरतूदही नाही. म्हणजे ज्यांच्याकडे बाग आहे त्यांच्याच बागेला दरवर्षी रंग. दिघ्याच्या मुलाने वंडर्स पार्कला जायचं तर लोकल, मग रिक्षा, मग तिकीट. आई-बाप कामावरून येतात तेव्हा अंधार पडलेला असतो. तो पोरगा कधी जाणार?

‘तिकडे जागाच नाही’ हे उत्तर मला पटत नाही. कोपरखैरणेच्या सेक्टर 14मधलं निसर्ग उद्यान बंद झालेल्या कचराभूमीवर उभं आहे. कचऱ्याच्या डोंगरावर झाडं लावता येतात, तर वस्तीच्या कडेला दोन झोपाळे आणि एक दिवा लावण्याएवढी जागा काढता येईल. जमीन एमआयडीसीची असेल तर तिच्याशी बोलावं लागेल, एवढंच.

राहिला प्रश्न पैसा आधी कुठे द्यायचा याचा. तो ठरवायला न्यूयॉर्कने 2014मध्ये जुन्या वह्या उघडल्या. शहरातल्या दोनशेहून जास्त छोट्या बागांवर वीस वर्षांत प्रत्येकी अडीच लाख डॉलरही भांडवली खर्च झाला नव्हता, असं निघालं. मग दाट आणि गरीब वस्त्यांमधल्या 35 बागा पहिल्या फेरीत घेतल्या. मिनियापोलिसने दोनच वर्षांनी वस्तीच्या बागांसाठी नियमच केला. गरिबी किती, दाटी किती, मुलं किती, बागेतली साधनं किती जुनी, यावर गुण द्यायचे आणि गुणांनुसार क्रम लावायचा. कोणाचा आवाज मोठा, याला गुण नाहीत.

आपल्याला एवढं लांब जायलाही नको. महापालिकेच्या आठही विभाग कार्यालयांनी आपापल्या हद्दीतली प्रत्येक बाग, तिच्यावर गेल्या दहा वर्षांत झालेला खर्च आणि चालत दहा मिनिटांत बाग नसलेल्या वस्त्या, असा एक तक्ता अंदाजपत्रकाच्या आधी दाराबाहेर लावावा. विभागाच्या हाताशी थोडी रक्कम फक्त कड्या, दिवे आणि नळांसाठी ठेवावी, निविदेची वाट न बघता खर्चायला. आणि नव्या बागेच्या पैशाचा पहिला मान तक्त्यातल्या बाग नसलेल्या वस्तीला द्यावा. मोठ्या उद्यानाचं नूतनीकरण त्यानंतर. वंडर्स पार्कमधली टॉय ट्रेन एक वर्ष जुन्या रंगात धावली तर कोणाचं काही बिघडत नाही.