बाहुलीतील पांढरी झाक

तान्ह्या मुलाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली की घरात दृष्ट काढली जाते आणि मोलाचे आठवडे निघून जातात. ती चमक दृष्टिपटलाच्या कर्करोगाची, ‘रेटिनोब्लास्टोमा’ची, असू शकते. सुमारे १५ ते २० हजार जन्मांत एखाद्या बालकास तो होतो; वेळीच सापडल्यास जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा खरा वैरी मात्र निराळा. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या गर्भात अखेरपर्यंत वाढत असतात. अकाली जन्म आणि बेहिशेबी प्राणवायू यांमुळे त्या वेड्यावाकड्या फुटतात, पटल सुटते, कायमचे अंधत्व येते. त्यातही शेवटी बाहुली पांढरीच दिसते, पण तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या वा २ किलोंहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा आपल्याकडील वैद्यकीय दंडक आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही हा रोग समाविष्ट आहे. कागदावर सारे आहे. परंतु मूल वाचले या आनंदात घरी निघालेल्या बाळंतिणीस ही मुदत सांगावयाची कोणी? गोमंतकातील प्रत्येक प्रसूतिगृहाने ती तारीख घरी जाण्याच्या चिठ्ठीवर ठळक लिहून द्यावी, असा हुकूम आरोग्य खात्याने विनाविलंब काढावा.