दिव्यांग शेजाऱ्यांसाठी घराजवळ लसीकरण केंद्र मागा, आजच!

जून २०२१



कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली आहे. दुकानं उघडली, रस्ते वाहते झाले. पण तुमच्याच गल्लीत, तुमच्याच वाडीत अशी माणसं आहेत, ज्यांना लस हवी आहे आणि केंद्र गाठता येत नाही. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती आहेत. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे.

केंद्रावर काय होतं ते पाहा. टोकनचे आकडे फळ्यावर लिहिलेले असतात, ते दृष्टिहीनाला दिसत नाहीत. नाव पुकारणाऱ्याच्या तोंडावर मास्क असतो. ओठ पाहून बोलणं समजून घेणाऱ्या कर्णबधिराला आपला नंबर निघून गेल्याचंही कळत नाही. व्हीलचेअर पायऱ्यांपाशी अडते. गर्दी-गोंगाटाने बिथरलेल्या स्वमग्न तरुण मुलाला घेऊन आई तशीच माघारी फिरते. आणि ज्याला उठता-बसता, जेवता-धुता दुसऱ्याचा हात लागतो, त्याने सुरक्षित अंतर पाळायचं तरी कसं? त्याला लसीवाचून दुसरं संरक्षण नाही.

ही मेहेरबानीची मागणी नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम २५ त्यांना आरोग्यसेवेत अडथळामुक्त प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य देतं. कलम ८ आपत्तीच्या काळातही समान संरक्षणाची हमी देतं.

घरोघरी जाऊन लस देण्याला केंद्र सरकारने अजून मान्यता दिलेली नाही. मात्र मे महिन्याच्या अखेरीस ‘घराजवळील लसीकरण केंद्रां’ची मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. ६० वर्षांवरील नागरिक आणि त्याखालील वयाच्या दिव्यांग व्यक्तींसाठी समाजमंदिर, शाळा, पंचायतीचं कार्यालय किंवा सोसायटीचा हॉल अशा ठिकाणी लस देता येते. नोंदणी जागेवरही होते. ओळखपत्र म्हणून दिव्यांगांचं यूडीआयडी कार्डही चालतं. सोय कागदावर आहे. ती आपल्या वस्तीत आणायची तर कुणीतरी मागणी करायला हवी. ती तुम्ही करा.

सोसायट्यांचे पदाधिकारी, सरपंच आणि नगरसेवक यांना विनंती: या आठवड्यातच वस्तीतल्या दिव्यांगांची यादी करा. तळमजल्यावरचा, पायऱ्या नसलेला किंवा उतार असलेला हॉल मोकळा करून द्या. यादी आणि जागेचा प्रस्ताव वॉर्ड कार्यालयाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी द्या, पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका.

तरुण मंडळांना विनंती: मोबाइलवरची नोंदणी तुम्ही करून द्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून कुणाला खुर्चीवर बसवून उतरवायचं असेल तर चौघे जण जा. आधी त्या व्यक्तीला विचारा, कसं धरायचं ते तिलाच ठाऊक असतं. दृष्टिहीनाला ओढू नका, आपला कोपर धरू द्या.

रिक्षाचालक आणि गाडीमालकांना विनंती: लसीच्या दिवशी एक फेरी दिव्यांग शेजाऱ्यांसाठी काढा.

केंद्रावरच्या डॉक्टर, परिचारिका आणि स्वयंसेवकांना विनंती: कामाचा ताण आम्ही जाणतो. तरीही दिव्यांग व्यक्तीला रांगेत ताटकळत ठेवू नका. सोबतच्या माणसाला आत येऊ द्या. कोणती लस दिली, किती वेळ थांबायचं आणि दुसरा डोस कधी, हे कर्णबधिरांना कागदावर लिहून दाखवा. दृष्टिहीनांना सुई टोचण्याआधी सांगा.

आणि घरच्यांना कळकळीची विनंती: सांभाळ करणाऱ्यानेही पात्र असल्यास लस घ्यावीच. तो आजारी पडला तर त्या घरात दोघांचे हाल होतात.

पुढची लाट कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. लसीच्या दोन डोसांमध्ये मात्र काही आठवडे जातातच, म्हणून उद्यावर ढकलू नका. हे वाचून झाल्यावर शेजारच्या त्या एका दारावर थाप मारा आणि विचारा, “लस झाली का?” उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या घरासाठीचा अर्ज आजच लिहा.