नुसते ग म भ न

मालगुंडातल्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला गेलो होतो. बाईंच्या मांडीवर शाल आणि श्रीफळ, समोर सतरंजीवर पहिली-दुसरीची पोरे. पाहुणे वक्ते शिक्षणातले जाणकार म्हणून आलेले. ते म्हणाले, “बाईंनी आयुष्यभर नुसते ग म भ न शिकवले, तरी चेहऱ्यावर किती समाधान आहे पाहा!” टाळ्या पडल्या. बाईंनी मान खाली घातली. मला मात्र ते ‘नुसते’ आणि ते ‘तरी’ अजून पचलेले नाही.

पुढच्या अर्ध्या तासातल्या त्यांच्या भाषणाचा गोषवारा असा : लहान मुलांना प्रेमाने बोलणारा कोणीही शिकवू शकतो, विषयाचे ज्ञान लागते ते आठवीपासून. म्हणून हुशार शिक्षक दहावीला द्यावा, नवखा किंवा थकलेला पहिलीला. लहानांना खाऊ पुरतो, मोठ्यांना धाक लागतो. बी.एड. झालेला माणूस डी.एड.वाल्याचे काम सहज करील, उलटे होणार नाही. आणि केशवसुतांच्या गावात आलेच होते, तेव्हा जाता जाता दाखला, की केशवसुतसुद्धा हायस्कुलातलेच शिक्षक!

मी नऊ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि पुढची एकवीस वर्षे माध्यमिक शाळेत. दोन्हीकडचा खडू हाताला लागलेला आहे, म्हणून बोलतो.

खाऊ आणि धाक यांचे उत्तर एका ओळीचे आहे. पहिलीतल्या मुलाला खाऊ देऊन गप्प बसवता येते, वाचायला लावता येत नाही. आणि नववीतला मुलगा धाकाने वही पूर्ण करतो, पण शेजाऱ्याची बघून. पदवीच्या मुद्द्यालाही फार शाई नको. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे शास्त्र आहे आणि त्याचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते, हे त्या निकालाच्या मुळाशी आहे. वक्त्यांना तो ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असूनही पटलेला नसावा.

माझे खरे भांडण ‘विषयाचे ज्ञान आठवीपासून लागते’ या वाक्याशी आहे.

दुसरीतल्या मुलाला ‘पंचवीस’ लिहायला सांगा. त्याच्या कानावर आधी ‘पंच’ पडते, मग ‘वीस’. ऐकले त्या क्रमाने तो आधी 5 लिहितो, मग 2. झाले 52. ‘एकोणतीस’ सांगा. त्यात नऊ कुठे ऐकूच येत नाहीत. एक ऐकू येतो, तीस ऐकू येतात. मूल 31 लिहिते. ही चूक मठ्ठपणाची नाही, नीट ऐकणाऱ्या कानाची आहे. बरे, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही ‘एकोण’ची रीत अंगवळणी पडावी, तर पुढे 99 ला ‘नव्व्याण्णव’. आता सांगा, हे सोडवायला फक्त प्रेमळ बोलणे पुरेल? मराठीत संख्यांची नावे कशी घडली, दशक-एकक म्हणजे काय आणि सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ते कोणत्या वाटेने शिरते, हे तिन्ही एकदम माहीत असल्याशिवाय त्या मुलाची पाटी सुधारत नाही. यालाच विषयाचे ज्ञान म्हणतात.

2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाला जागा मिळाली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत जो तो हसत होता. ‘पंचवीस’ जाऊन ‘वीस पाच’ यावे असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. बाजारात मुलाला पंचवीसच ऐकायचे आहेत. पण आधी ‘वीस आणि पाच’ म्हणवून घेऊन मग ‘पंचवीस’वर आणणे ही दुसरीच्या कित्येक शिक्षकांची जुनी युक्ती आहे, मीही ती वापरली आहे. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी पाटीवरचे ते 52 पाहिले होते? मी त्या वेळी घरच्याच माणसांशी यावरून वाद घातला होता आणि तो वाद मी जिंकलो नाही. लहान वर्गात काही अडचण असू शकते, हेच समोरच्यांना मान्य नव्हते. पाहुण्यांचे भाषण ऐकताना मला तीच मंडळी पुन्हा समोर दिसली.

आता नववीचे सांगतो. बीजगणिताच्या तासाला एका मुलाची वही उघडली. समीकरण बरोबर मांडलेले, पण खाली 42 मधून 17 वजा करून उत्तर 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले होते. मुलगा आळशी नव्हता. सात वर्षांपूर्वी कोणी त्याला दशक सोडून दाखवला नव्हता, एवढेच. शाळा सुटल्यावर मी त्याला माडाचे हीर आणायला सांगितले. दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. चार जुड्या, वर सुटे दोन. “आता सतरा मला दे.” त्याने दोन हीर हातात घेतले, थांबला, मग उठून म्हणाला, “सर, दार लावू का? पोरं बघतील.” दार लावले. त्याने एक जुडी सोडली, सुटे बारा मोजले, त्यातून सात दिले, एक जुडी दिली. उरलेले मोजले आणि हळूच म्हणाला, “पंचवीस.”

मिसरूड फुटलेला मुलगा तो. दुसरीत हीच गोष्ट त्याने चार पोरांच्या घोळक्यात, हसत-खेळत केली असती. नववीत तिच्यासाठी दार लावावे लागले. वयाचा फरक म्हणतात तो हा आहे. सातव्या वर्षी मूल चुकायला लाजत नाही. पंधराव्या वर्षी चूक दिसू नये म्हणून ते शिकणेच सोडून देते. असे असताना आपण अनुभवी माणूस नववी-दहावीला राखून ठेवतो आणि चुका जिथे जन्मतात, तिथे पाठवतो नवख्याला.

राहिला केशवसुतांचा दाखला. ते मुंबईत, खानदेशात फैजपूरला, अखेरीस धारवाडला शिक्षक होते हे खरे. पण 1866 साली जन्मलेला हा मुलगा मॅट्रिक झाला 1889 मध्ये, म्हणजे विशी उलटून गेल्यावर. वयाचा आणि इयत्तेचा मेळ प्रत्येकाचा बसतोच असे नाही, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? शिवाय ‘केशवसुत’ म्हणजे केशवाचा मुलगा. हे केशव विठ्ठल दामले मराठी शाळेत शिक्षक होते. मालगुंडच्या स्मारकावर जे नाव आहे, त्यात एका मराठी शाळेच्या मास्तरांचे नाव आधी येते. पाहुण्यांनी दाखला दिला तो त्यांच्याच विरुद्ध गेला.

मग करायचे काय? माझ्याकडे मोठी योजना नाही. शाळेतला सर्वांत मुरलेला शिक्षक पहिलीला द्यावा आणि दुसरीतही तोच वर्ग त्याच्याकडे ठेवावा. गणित शिकवणाऱ्या हायस्कुलातल्या शिक्षकाने वर्षातून आठवडाभर दुसरीच्या वर्गात मागे बसून पाहावे. पहिलीच्या शिक्षकाला माहिती भरण्याच्या आणि सर्वेक्षणाच्या कामातून मोकळे करावे. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणात आल्या आणि 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीच्या कामाला लागल्या. त्या खाली उतरल्या असे म्हणायची कोणाची छाती आहे?

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर बाईंना भेटलो. त्या मुलांना ओळीने चपला घालायला लावत होत्या आणि घालता घालता मोजून घेत होत्या : एक जोडी, दोन जोड्या, तीन जोड्या.

येत्या जूनमध्ये मुलाचे नाव घालायला शाळेत जाल, तेव्हा दहावीचा निकाल किती टक्के लागला हे नंतर विचारा. आधी विचारा, पहिलीचा वर्ग कोणाकडे दिला आहे, आणि त्यांच्याकडेच का दिला आहे.